तिसऱ्या हाताचं सामान

उत्तमकाकांकडे कुणी नाटकाच्या लाइटचं काम शिकायला आलं की ते आधी परीक्षा घेत. राजूरच्या आमच्या हौशी नाटक मंडळाच्या हॉलमध्ये चटई पसरायची, तिच्यावर लोखंडी पेटी पालथी करायची आणि म्हणायचं, "घ्या. शिडीवर काय काय नेसान?" पेटीत हातोडी, करवत, नाना आकारांचे पाने, पकडी, पेचकस, मोजपट्टी आणि, का कोण जाणे, एक अडकित्ता. कुणी काहीही उचललं तरी ते चुकायचंच. बरोबर उत्तर सांगण्याचा आनंद काका दुसऱ्याच्या वाट्याला येऊ देत नसत.

मी मंडळात पडद्यामागचं काम मागितलं, कारण तिथे बोलावं लागत नाही अशी माझी समजूत होती. उत्तमकाका भेटेपर्यंत ती टिकली. परीक्षेत मी बराच विचार करून बरंच काही बाजूला काढलं.

"मॅडम, वर दुकान टाकून राह्यल्या काय?" ते म्हणाले. इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून मी त्यांच्यासाठी पहिल्या दिवसापासून मॅडमच.

"लागलं तर असावं म्हणून."

"एक हात तुमचा, एक हात शिडीचा. मंग हे तिसऱ्या हाताचं सामान कायले?"

मग त्यांनी स्वतः निवड करून दाखवली. कुठल्याही नट-बोल्टला बसेल असा एक सरकता पाना, पक्कड, टेस्टर, चिकटपट्टी आणि जाड हातमोजे. बस्स. "हातमोजे अवजार नोहे असं जो म्हणते, त्यानं पेटत्या दिव्याले हात लावून पाहावं." प्रत्येक वस्तू पायजम्याच्या नाडीने कमरेला बांधलेली. "वरतून पाना सुटला तं मले काई होत नाई. खालच्याचं डोस्कं फुटते." असं सगळं लटकवून ते चढू लागले की पोळ्याच्या सजवलेल्या बैलासारखे दिसत. शर्टाच्या खिशातला कंगवा मात्र मोकळाच असे. एकदा तो तालमीत रडणाऱ्या नायिकेच्या डोक्यावर पडला आणि तिचं रडणं प्रथमच खरं वाटलं. वरून आवाज आला, "कंगवा अवजारात येत नाई!"

काका मुकुटबनजवळच्या तांड्यातले. "आमचे जुने लोक बैलाईवर मीठ लादून देशभर फिरत. जास्त लादलं तं बैल बसते. माणूसबी बसते," हे त्यांचं आवडतं वाक्य. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ओसरीत बंद पडलेले कूलर, पंखे आणि तारांची भेंडोळी रचलेली होती. काकू मला वाट करून देत म्हणाल्या, "तिकडं पाच वस्तूचं ग्यान शिकवते तुमाले. इकडं पाय ठेवाले जागा नाई."

हळूहळू काकांची पद्धत बदलली. पान्याच्या मुठीला त्यांनी चिंधी गुंडाळली, पकडीला सुतळी. "अंधारातलं काम हाय. डोळ्यानं नाई, हातानं वळखावं," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पण भर दुपारी, खिडक्या उघड्या असतानाही ते पाना चाचपूनच काढत. शिवाय माझ्या नव्या परीक्षा सुरू झाल्या. तार पुढे धरून विचारायचं, "सांगा मॅडम, ही कोणती?" मी रंग सांगितला की "शाब्बास" म्हणून ते जोडणी करत.

एकदा त्यांनी लाल तार पुढे केली. मी म्हणाले, "हिरवी."

"शाब्बास. म्हणजे अर्थिंगची." आणि ते ती अर्थिंगच्या पेचाखाली घालू लागले.

"काका, थांबा. लाल आहे."

मेन स्विच बंद होता, तरी त्यांनी हात मागे घेतला. "मंग हिरवी काहून सांगतली?"

"तुम्ही बरोबर म्हणता का ते पाहायला."

आमचे दिग्दर्शक ढवस सर बाहेर फोनवर बोलत होते. काकांनी त्या आवाजाकडे कान दिला. "मोतीबिंदू हाय. सरले सांगसान तं उद्याच नागपूरचा माणूस येईन, लाइटासकट. मंग मी काय पयल्या रांगेत बसून टाळ्या वाजवू?"

"ऑपरेशन का करत नाही?"

"गेलतो ना यवतमाळले. टेबलापर्यंत गेलतो. म्हटलं, डॉक्टरसाहेब, आधी अवजारं दाखवा. त्यानं ट्रे पुढं केला. हात फिरवून पाहाले गेलो तं नर्स वरडली. पण केवढं सामान, मॅडम! एवढ्याशा डोळ्यासाठी! ज्याले निवडता येत नाई त्याच्या हातात मी डोळा देऊ? उठलो अन् आलो."

मला हसायचं होतं, पण तो माणूस आठवड्याभरात मुकुटबनच्या प्रयोगासाठी शिडीवर चढणार होता. मी म्हणाले, "या वेळी वर मी चढते. तुम्ही खाली बटणं सांभाळा. सरांना काही कळणार नाही. प्रयोग झाला की ऑपरेशन."

"अन् नाई केलं तं?"

"तर सरांना सांगेन."

"शाळा लय महागाची होती तुमची," काका म्हणाले.

सरांना त्यांनी वेगळंच सांगितलं. "मॅडमले तयार केली म्या. आता तिलेच वर पाठवून राह्यलो. आपणच किती दिवस चढावं?" सर गहिवरले. मुकुटबनला प्रयोग संपल्यावर त्यांनी नव्या पिढीला जागा करून दिल्याबद्दल काकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. काकांनी तो अजिबात न संकोचता स्वीकारला. मी तेव्हा वर दिवे सोडवत होते.

शब्द मात्र त्यांनी पाळला. या वेळी ट्रेकडे पाहिलंच नाही, असं काकूंनी सांगितलं. काही आठवड्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ते हॉलवर आले, नाड्या बांधल्या आणि शिडीला पाय लावला. थोडे वर गेले. थांबले. वर पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि फार सावकाश उतरले.

"मॅडम, ही शिडी एवढी उंच कवा झाली?"

"आधीपासून एवढीच आहे."

"मले तं दिसतच नवती." ते चटईवर बसले. "डोळे आले अन् हिंमत गेली. डॉक्टरनं हे आधी सांगाले पायजे होतं."

तेव्हापासून वरचं काम माझं. काकांना नागपूरच्या माणसाने काढलं नाही, मी काढलं, असं ते येईल त्याला सांगतात. पण तालीम चुकवत नाहीत. खाली शिडी धरून उभे राहतात आणि माझ्या प्रत्येक दिव्यात खोट काढतात. परवा मी वरून विचारलं, "काका, नायिकेच्या जागेवर उजेड नीट पडतोय का?" खाली वाकून पाहिलं तर काकांनी शिडी घट्ट धरली होती आणि डोळे मिटून घेतले होते.

"काका, बघा ना!"

"तुमी उतरा आधी," ते म्हणाले, "मंग पायतो."