लॅपटॉपातला कापूस

लॅब सांभाळणाऱ्या भाऊंनी माझा लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "मदरबोर्ड गेला व ताई याचा. आता पोळपाट म्हणून वापर."

सगळे हसले. मीही थोडी हसले. अशा वेळी न हसता उभं कसं राहायचं, ते मला अजून जमत नव्हतं.

अमरावतीच्या कॉलेजातलं माझं ते शेवटचं वर्ष. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट दाखवायचा होता. अकोल्याच्या बाजारातले कापसाचे रोजचे भाव माझा प्रोग्राम नेटवरून आणून मराठीत दाखवायचा. नेट नसेल तर नुसता रिकामा पडदा. लॅबचे संगणक इतके जुने की तो त्यांच्यावर उघडतच नसे. सरांनी सांगून टाकलं होतं, सकाळपर्यंत जमलं नाही तर दुसऱ्या गटात जा, त्यांच्या प्रोजेक्टखाली तुझंही नाव टाकू. ते चांगल्या मनानेच म्हणाले असतील. पण दुसऱ्याच्या कामाखाली मला माझं नाव नको होतं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. काय केलंस, असं घरी कोणी विचारलं तर मला खरं सांगता यायला हवं होतं.

"मदरबोर्ड गेला हे कशावरून, भाऊ?" मी विचारलं.

"वाय-फाय चालते? नाई. ब्लूटूथ? नाई. तार लावली तं? थेही नाई. तिन्ही गेले. आता काय त्याची कुंडली पाहू?"

मी लॅपटॉप उचलून शेवटच्या बाकावर नेला. "लॅब बंद होईपर्यंत पाहते," म्हणाले. आवाज बारीकच निघाला, पण उठले नाही.

वायरलेस बंद करणारं विमानाच्या चित्राचं बटण बंदच होतं. वाय-फायचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायला गेले, तर यादीत वायरलेस कार्डच नव्हतं. ब्लूटूथही नव्हतं. हे दोन्ही एकाच छोट्या कार्डावर असतात, हे मी वाचलं होतं. म्हणजे दोन गोष्टी बिघडल्या नव्हत्या, एकच बिघडली होती. आणि तारेच्या जोडणीचा त्या कार्डाशी काही संबंध नसतो. मग ती का चालू नये?

नेटची तार मी शेजारच्या संगणकात खोचली. टक् आवाज झाला, हिरवा दिवा लागला. तार चांगली होती. तीच माझ्या लॅपटॉपात खोचली. आत गेल्यासारखी वाटली, पण टक् झालं नाही. पुन्हा खोचली. नाही.

"काय पाहून राहिली व? सोड आता," भाऊ तिकडून ओरडले.

मी लॅपटॉप खिडकीकडे धरला. तार खोचायच्या खाचेच्या तळाशी काहीतरी पांढरं होतं.

मग आठवलं. संक्रांतीला मी घरी गेले होते, हिवरखेडजवळच्या आमच्या गावी. भाव येत नव्हता म्हणून कापूस घरातच होता, आढ्यापर्यंत. पसरायला जागा म्हणजे तो ढीगच. त्याच्यावर पालथी पडून मी आठवडाभर हाच प्रोग्राम लिहिला. "अंग खाजवत बसशील पोरी, ऊठ तिथून," असं माय रोज म्हणायची. खाज मला सुटलीच. लॅपटॉपालाही काही होईल, हे तिच्या मनात नव्हतं आणि माझ्याही.

लॅपटॉप बंद करून बॅटरी काढली. कोपऱ्यातल्या झाडूची एक कोरडी काडी मोडून घेतली आणि हळूहळू फिरवली. कापसाची दाबून बसलेली गुठळी निघाली, तिच्यात सुक्या पानाचा चुराही. तार खोचली. टक्. बॅटरी बसवून लॅपटॉप सुरू केला आणि हिरवा दिवा लागला.

भाऊ उठून आले. गुठळी बोटावर घेऊन म्हणाले, "आवो माय! ही पोरगी तं कापसाची जिनिंग घेऊन फिरते."

पुन्हा सगळे हसले. मी हसले नाही.

"आमच्या शेतातला आहे," मी म्हणाले. "मदरबोर्ड चांगला आहे, भाऊ."

"बरं बाप्पा, चांगला. पण आता गावाले नेऊ नको याले. थे काय मशिनीची जागा हाय?"

"नेईन. मी राहते तिथं, थोही राहीन."

दुसऱ्या दिवशी तार लावून मी प्रोग्राम सुरू केला. अकोल्याचे त्या दिवशीचे भाव पडद्यावर आले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, वायरलेस का नाही? वायरलेसचं कार्डच गेलं आहे, असं मी सांगितलं. मग कापसाचंही सांगितलं, कारण लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

ते हसले. "अहो, पण लॅपटॉप कापसात कशाला ठेवायचा?"

"सर, घरात दुसरी जागा नव्हती. कापूस विकला नव्हता."

"का विकला नाही?"

मी पडद्याकडे बोट केलं. "भाव तुमच्यासमोर आहे, सर."

त्यांनी तो आकडा वाचला. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी प्रोग्रामबद्दल पुढचा प्रश्न विचारला. त्याचंही उत्तर मला येत होतं.