आबांचे टी-शर्ट

माझ्या वडिलांनी, आबांनी, वाशीच्या बटाटा मार्केटात तीस वर्षं माथाडी म्हणून गोण्या वाहिल्या. मान दुखणं त्यांच्या लेखी दुखणंच नव्हतं. दर रविवारी दाढी झाली की न्हाव्याकडून कडकड मान मोडून घ्यायची, विषय संपला. निवृत्तीनंतर दुखणं वाढलं तेव्हा मी त्यांना कोपरखैरण्यातल्या आमच्या नेहमीच्या दवाखान्यात नेलं. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, मणके झिजलेत, या वयात होतंच; शेक घ्या, व्यायाम करा, पण हात जड पडले किंवा चाल बिघडली तर लगेच या. मी त्यातलं 'होतंच' तेवढं घरी आणलं.

पुढे काही महिन्यांनी आबांनी टी-शर्ट मागितला. जन्मभर गळ्यापर्यंत बटणं लावून पांढरा शर्ट घालणारा माणूस! मला कोण आनंद झाला. ऐरोलीच्या ऑफिसातून सुटून मी थेट दुकान गाठलं आणि एकदम चार आणले. निळा घालून ते बाहेर आले तेव्हा म्हटलं, म्हातारपणी हिरो झालात की. ते चक्क लाजले. त्याच महिन्यात त्यांच्या हातून तीन कप फुटले. त्यावर मात्र मी तोंड सोडलं. चालताना ते भिंतीचा आधार घ्यायचे, तर रंग खराब होतो म्हणून त्यावरूनही मी बोलले. माझी जीभ मुळातच तिखट, त्या दिवसांत ती जरा जास्तच चालली.

सोसायटीच्या जिन्यात ते पडले, तेव्हा कुठे आम्ही मोठ्या डॉक्टरांकडे पोचलो. त्यांनी मानेला हात लावण्याआधी स्वतःचा पांढरा कोट आबांना घालायला दिला आणि बटणं लावायला सांगितली. आबांची बोटं पहिल्याच बटणावर अडकली.

एमआरआय झाल्यावर त्यांनी समजावलं. अशी झीज बहुतेकांची व्यायामानं निभावते. इथे मात्र वाढलेल्या हाडानं आणि सरकलेल्या गादीनं मज्जारज्जूच दाबला गेलाय. ऑपरेशननं आहे ते वाचेल, गेलेलं परत येईलच असं नाही. न्हाव्याचं मान मोडणं ऐकल्यावर डॉक्टरांनी ते तिथेच कायमचं बंद करायला लावलं.

ऑपरेशन झालं. आता आबा काठीशिवाय चालतात. बोटं मात्र तशीच आहेत. परवा पुतणीच्या लग्नाला जाताना त्यांनी कपाटातून पांढरा शर्ट काढला. मी समोर बसून बटणं लावत होते. न राहवून विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंत?

"सांगणार हुतो," ते म्हणाले. "पर टी-शर्ट बघून तू किती दिसांनी माझ्याशी हसून बोलली हुतीस."

शेवटचं बटण मला काही केल्या लावता येईना.