वालाच्या वेलावरच्या मगरी

आमच्या गच्चीवरच्या वालाचे राखणदार मी स्वतःच्या हातांनी चिरडले आणि वर शाबासकीची वाट पाहत बसले. तेव्हा साठी नुकतीच उलटली होती, म्हणजे तरुणच होते. जामबागच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई, किड्यांना काय भिणार!

बी सासूबाईंचं होतं. त्यांच्या माहेरच्या शेतातलं. ते शेत कधीच विकलं गेलं होतं, उरले होते ते कापडाच्या पुरचुंडीतले चार-पाच दाणे. मी शहाणीनं ते सगळेच एका कुंडीत पेरले. मागे एक दाणा ठेवायची अक्कल मला नव्हती.

आमच्या नल्लकुंटा वस्तीत थंडी पडली तशी शेंड्यांवर मावा दिसू लागला, काळे बारीक किडे, तिळासारखे चिकटलेले. त्यांच्यातच लांबट, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची काही ध्यानं फिरत होती. अगदी नखाएवढ्या मगरी! मला वाटलं, हेच खरे दरोडेखोर. चिमट्यानं एकेक वेचला आणि चिरडला. चौदा. खाली येऊन सासूबाईंना ऐटीत सांगितलं, "मोठे मोठे सगळे संपवले."

आठ दिवसांत वेल काळाठिक्कर झाला. पानं चिकट, कळ्या सुकलेल्या, मुंग्यांची जत्रा. सासूबाईंची नजर गेलेली, जिना चढणं बंद. रोज सकाळी खाटेवरून विचारायच्या, "फुलं आली का गं?"

"आली ना, आई. जांभळी जांभळी."

एकदा खोटं बोललं की फुलं रोज वाढवावी लागतात. मी तर घोससुद्धा मोजून सांगितले.

खालच्या मजल्यावरची तेलुगू अक्का मिरच्या वाळत घालायला वर आली. मी मगरींची कथा सांगितली तशी तिनं कपाळाला हात लावला. "क्या करे जी मॅडम! वो तो लाल ढालकिड्याचे बच्चे थे. मावा खानेवाले! तुम बच्चों को मार डाले!"

विज्ञानाच्या फळ्यावर मी दरवर्षी अंडी, अळी, कोष काढले होते, पण फुलपाखराचे. लाल पाठीवर काळे ठिपके मिरवणारा गोल ढालकिडा ओळखत होते, त्याच्या पिल्लाचं तोंड मात्र आयुष्यात पाहिलं नव्हतं.

अक्कानं आधी पाण्याच्या जोरदार धारेनं शेंडे धुवायला लावले. मग गोड चिकट्यासाठी माव्याला सांभाळणाऱ्या मुंग्या चढू नयेत म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत, विटेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी आपल्या चवळीवरची पाच पिल्लं पानासकट आणून माझ्या वेलावर सोडली. मी रोज खुर्ची टाकून त्यांचं जेवण पाहत बसायची. एखादं दिसलं नाही की पान न् पान उलटून शोधायची. वेल गेला असता, तर सासूबाईंच्या माहेरचं शेवटचं काही माझ्या हातून गेलं असतं.

तीन आठवड्यांनी खरोखरची फुलं आली. मी एक तोडून सासूबाईंच्या तळहातावर ठेवलं आणि सगळं कबूल केलं, मगरी आणि खोटे घोसही.

त्यांनी फूल चाचपलं, नाकाशी नेलं, हसल्या.

"मला ठाऊक होतं. फुलं आली असती तर पहिलं तू माझ्या हातात आणलं असतंस, तोंडानं मोजली नसतीस. आता सगळ्या शेंगा तोडून भाजी करू नकोस, चार वेलावरच वाळू दे. आणि ह्या वेळी थोडं बी मागं ठेव, मास्तरीणबाई."