न प्यालेलं पाणी

ओट्यावर पाण्याचा पेला भरलेला तसाच आहे. सुनंदामावशी भांडी घासून गेल्या, पाणी आजही प्यायल्या नाहीत. "नको ताई, आत्ताच पिऊन आले," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मी त्याला भिडस्तपणा समजत आले.

मी प्रयोगशाळेत काम करते. लघवीच्या जंतुसंसर्गावर नाकातून देता येईल अशी लस आम्ही शोधतो आहोत. उंदराच्या नाकात थेंब सोडायचा आणि तिथे शरीर जे शिकेल, ते पार मूत्राशयापर्यंत पोचतं का, ते बघायचं. नाकाला कळलेलं इतक्या खाली कळावं, या आतल्या नात्याचं मला भारी कौतुक.

आज मावशी ओट्याला धरून मध्येच थांबल्या. "परत जळजळ सुरू झालीय लघवीला," हळूच म्हणाल्या. मी लगेच शहाणपण सांगितलं, "भरपूर पाणी प्या. आणि तुंबवून ठेवू नका."

त्या ओशाळं हसल्या. "पाच घरची कामं करते ताई. पाणी प्यायलं, तर जायचं कुठं?"

आमच्या घरात दोन संडास आहेत. "इथे जात जा की," मी म्हटलं, पण फार उशिरा. "राहू दे, झालीच भांडी," म्हणत त्यांनी पदराला हात पुसले.

आमचा संडास वापरा म्हणावं, हे मला कधी सुचलंच नाही, असं आत्ता लिहिणार होते. पण खोटं कशाला? सुचलं होतं, पण नको वाटलं होतं. म्हणून तर मी रोज फक्त पाणी विचारत होते.