मतं रफीकला जास्त पडली

विमान शारजाला उतरलं तेव्हा बाहेर धूळच धूळ होती. माझा धाकटा भाऊ माधव न्यायला आला होता. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्याच्या घराकडे निघालो. वाटेत तो म्हणाला, "ताई, शनिवारी मराठी मंडळाची निवडणूक आहे. रफीक अध्यक्षपदाला उभा आहे."

रफीक आमचा रत्नागिरीचा शेजारी, माधवच्याच वर्गातला. दुसऱ्या दिवशी शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात त्याच्या गॅरेजवर गेले. ओळीनं पत्र्याच्या शेड, तेलाचा वास. हात पुसत त्यानं करक (वेलची घालून उकळलेला चहा) मागवला आणि मग अजमानला घरी नेलं. त्याच्या बायकोनं तांदळाच्या भाकऱ्या नि सुरमईचं कालवण केलं होतं.

त्याच्या अम्मीनं माझ्याबरोबर दिलेली मराठीतली चिठ्ठी मी त्याच्या नऊ वर्षांच्या लेकीपुढे, सनापुढे धरली. "आय कान्ट रीड धिस," पोर ओशाळून म्हणाली.

"मराठीचा वर्ग फक्त दुबईत," रफीक म्हणाला. "ट्रॅफिकमध्ये जाऊन-येऊन चार तास. ताई, अध्यक्ष झालो तर अजमानला वर्ग काढीन. मला दुसरं काही नको."

शनिवारी शारजाच्या एका हॉलमध्ये सगळे जमले. अमेरिकेत राहून आलेल्या एका सभासदानं तिकडची पद्धत आणली होती. दुबई, शारजा, अजमान, प्रत्येकाचे पाच प्रतिनिधी. आधी सभासदांनी आपापल्या भागाच्या गटात मत द्यायचं; ज्याला एक जरी मत जास्त, त्या भागाचे पाचही प्रतिनिधी त्याचे, त्यांनी त्यालाच मत द्यायचं. मग त्या पंधरांनी अध्यक्ष निवडायचा.

रफीकसमोर पेठे होते. माणूस सज्जन, पण अजमानच्या वर्गात त्यांना रस नव्हता. दुबईत पेठे दोन मतांनी पुढे, शारजातही दोनच. अजमानमध्ये रफीकला साठ, पेठ्यांना चार. एकूण मतं रफीकची बावन्न जास्त आणि प्रतिनिधी पाच! पेठ्यांचे दहा. कसली डोंबलाची पद्धत ही!

"दॅट्स नॉट फेअर, आत्या," माझी भाची इरा म्हणाली. अमेरिकेतसुद्धा पक्षाचा उमेदवार निवडताना बऱ्याच ठिकाणी मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी वाटून देतात, असं ती शाळेत शिकली होती. पण पोरीचं ऐकतो कोण?

माधव दुबईचा प्रतिनिधी. पेठ्यांचं नाव पुकारलं तेव्हा त्यानं मान खाली घालून हात वर केला. मला इतका राग आला की तिथेच त्याचा हात धरून खाली ओढावासा वाटला.

"सकाळी माझं मत रफीकलाच दिलं होतं, ताई," बाहेर आल्यावर तो म्हणाला. डोळे भरले होते.

रफीकनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "खलास. सोड रे. गेल्या वर्षी हा नियम झाला तेव्हा टाळ्या मीपण वाजवल्या होत्या."

परतायच्या दिवशी विमानतळावर त्यानं अम्मीसाठी खजुराचा डबा दिला. "तिला इतकंच सांग, मतं मला जास्त पडली."

माणसं मोजायची आणि मग सोयीनं विसरायची, याला आपण पद्धत म्हणतो. विमानात मला दुसरं काही सुचलं नाही.

रत्नागिरीला पोचल्यावर आधी अम्मीकडे गेले. रफीकचा निरोप सांगितला. म्हातारीचा चेहरा उजळला. "जास्त पडली? म्हणजे जिंकलाच की! आता अजमानला वर्ग निघणार." तिनं कागद पुढे ओढला. "आता चिठ्ठी सनालाच लिहिते. शिकेल ना गं वाचायला?"

मी तिला पेन शोधून दिलं.