डाव्या हाताची पूजा

माझा स्वभाव तापट, हे आमच्या अख्ख्या पेठेला ठाऊक आहे. अर्धांगाच्या झटक्यानं डावी बाजू लुळी पडली, पण जीभ शाबूत राहिली. यात देवाची काय योजना होती, ते त्यालाच माहीत. मुलगा पुण्यात असतो. त्यानं तिथूनच फोनाफोनी करून माझी देखभाल करायला एका संस्थेची बाई लावून दिली. ती सकाळी येते, आंघोळ घालते, खायला करते, व्यायाम करून घेते आणि संध्याकाळी जाते. वय चाळिशीचं, माहेर करमाळ्याकडचं. पहिल्याच दिवशी आमचं वाजलं.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं, आणि मगच तोंडात अन्न घालायचं. दवाखान्यातले दिवस सोडले तर आयुष्यात यात खंड नाही. आता नेमका तोच डावा हात थरथरायचा, बोटं मिटायची नाहीत. लिंग खाली पडलं तर, या भीतीनं ते हातावर घ्यायचं धाडसच होईना. मुलगा म्हणाला, "आई, पाटावर ठेवून कर की." हा फोनवरचा शहाणपणा! माझं लिंग माझ्याच हातावर हवं. पूजेशिवाय खाणं नाही आणि खाल्ल्याशिवाय गोळ्या नाहीत, असं सगळंच अडून बसलं.

ती उप्पीट घेऊन समोर बसली. "आजी, दोन घास खावा की."

"पूजा झाल्याशिवाय नाही म्हणजे नाही."

"मग मी धरते तुमचा देव."

"खबरदार हात लावलास तर," मी म्हटलं. आमचं लिंग दुसऱ्यानं धरायचं नसतं.

ती रागावली नाही. जरा वेळ माझ्या हाताकडं बघत बसली. मग उठून कोपरापर्यंत हात धुऊन आली आणि तिनं आपले दोन्ही तळवे माझ्या डाव्या हाताखाली घातले. "देव तुमी धरा," म्हणाली, "मी तुमचा हात धरते."

हाताची थरथर थांबली. मी लिंग तळहातावर घेतलं, भस्म लावलं, बेल वाहिला. उप्पीट गार झालं होतं, तरी ताटली निपटून खाल्ली.

त्यानंतर रोज असंच. अन्न गोड लागायला लागलं, गोळ्या वेळेवर जायला लागल्या, वॉकर धरून मी दारापर्यंत जाऊन भाजीवाल्याशी भांडायलाही लागले. म्हातारीला जेवू-खाऊ घालणारं कुणीही मिळेल. माझं मला करू देणारी ही मिळाली, हे माझं भाग्य, आणि ते मी येईल त्याला सांगते.

एकच खटकायचं. मधेच तीन-चार दिवस ती सुट्टी टाकायची. बदलीची बाई एका हातात मोबाईल धरून दुसरा हात माझ्या हाताखाली धरायची. एकदा लिंग घसरता घसरता राहिलं. मग त्या दिवसांत मी नुसता नमस्कार करायची, गोळीपुरतं दूध घ्यायची आणि दिवसभर कुढत बसायची. मागच्या खेपेला ती परतल्यावर मी तोंड सोडलंच. "तुला सुट्ट्यांची लई हौस गं. इथं माझी पूजा राहते, त्याचं काय?" ती ताटली उचलून आत गेली.

या महिन्यात तिनं सुट्टी घेतली नाही. वेळेवर आली, सगळं केलं, पण पूजेच्या वेळी उंबऱ्यापाशीच उभी राहिली.

"आजी, पूजेला तेवढं दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. मला महिन्याची अडचण हाय."

आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. "म्हणून सुट्ट्या घेत होतीस होय?"

"सांगायची लाज वाटायची. अन् न सांगता तुमच्या देवाजवळ बसायचं तर मन धजंना."

"अगं, आमच्यात हा विटाळ नसतो. माझी आई त्या दिवसांतही पूजा करायची, मीही केली. ये, बस इथं."

ती हलेना. "खरंच चालतंय?"

"माझं लिंग आहे, मी सांगते. हात धू आणि ये."

ती आली. भीत भीत माझ्या हाताखाली तिनं दोन्ही हात धरले. मी भस्म लावत होते तेव्हा हळूच म्हणाली, "लगीन झाल्यापासनं या दिवसांत मला कुणी देवाजवळ ये म्हणलं न्हाय, आजी."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायला तिला हात काढता येईनात, कारण लिंग अजून माझ्या तळहातावर होतं. मग उजव्या हातानं पदर घेऊन मीच तिचे डोळे पुसले.