दातवाली, खुर्चीवाली आणि पिवळी

लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्या त्या माणसाच्या डाव्या कानाला तीन भोकं आहेत, बुजत आलेली. इमारतीतल्या बायका आधी त्या भोकांकडे बघतात आणि मग दारावरच्या मजल्यांच्या आकड्यांकडे. तो काही सांगत नाही. पंचावन्न वर्षांचा आहे, खिशात पक्कड असते, चष्म्याला दोरी असते.

विसाव्या वर्षी तो पंक होता. म्हणजे साबण चोळून केस उभे करायचे, पँटला साखळी लावायची, चांगला शर्ट मुद्दाम फाडायचा आणि तो आईला शिवू द्यायचा नाही. केसांमुळे त्याचं नाव खिळा पडलं. त्याचा तिघांचा बँड होता. तो स्वतः गिटार वाजवायचा आणि ओरडायचा. दुसरा एक मित्र बेस वाजवायचा. तो पुढे परदेशी गेला आणि या गोष्टीतूनही गेला. तिसरा ड्रमवर होता. पुढे त्याचं नाव कासव्या पडलं आणि त्याच्याच बहिणीशी खिळ्याचं लग्न झालं.

तिघांनी मिळून तीन रेकॉर्डी घेतल्या होत्या. इंग्रजी नावं नीट उच्चारता येत नव्हती, म्हणून कव्हरांवरून त्यांची नावं ठेवली. एकीवर दातांचा साचा होता, ती दातवाली. तिच्यातली गाणी दीड-दीड मिनिटाची, सुरू होतायत तोवर संपायची. दुसरीवर रस्त्यात उलटी पडलेली खुर्ची होती. तिच्यात एक बाई गायची, किंवा गात नव्हती, कोणाशी तरी भांडत होती. खिळ्याला तिच्यासारखं भांडता यावं असं वाटायचं. तिसऱ्या रेकॉर्डीच्या कव्हरवर काहीच नव्हतं, नुसता पिवळा रंग. पिवळी सगळ्यांत आवडती. शुक्रवारी अदलाबदल व्हायची, प्रत्येकाकडे आठवडाभर एक. असा त्यांचा नियम होता आणि नियम मोडण्यावर गाणी म्हणणारे ते तिघं तो नियम काटेकोर पाळायचे.

बेसवाल्याकडे प्लेअरच नव्हता, तो आपली रेकॉर्ड खिळ्याकडेच आणून ऐकायचा. खिळ्याचा प्लेअर भंगारातला. त्याचा रबरी पट्टा मोटरच्या चाकावरून घसरायचा आणि गाणं मधेच रडायला लागायचं. खिळ्याने त्या चाकावर तांबड्या चिकटपट्टीचे चार वेढे गुंडाळले. पट्टा घट्ट बसला. गाणी अशी सुटली की खिळा आणि बेसवाला एकमेकांकडे बघत राहिले. त्या दिवसापासून त्यांनी त्याच प्लेअरवर गाणी बसवली. गिटार त्या सुराला लावायची म्हणजे तारा इतक्या ताणाव्या लागायच्या की आठवड्याला एखादी तुटायचीच. गाऊन गाऊन खिळ्याचा घसा बसायचा. हे सगळं पंकमध्ये असंच असतं, अशी त्यांची समजूत होती.

ड्रमवाल्याच्या घरी मात्र वडिलांचा चांगला प्लेअर होता. तो घरून तयारी करून यायचा आणि खिळ्याच्या खोलीत दर वेळी मागे पडायचा. दुसरं गाणं संपेपर्यंत बाकी दोघं पुढे निघून गेलेले असायचे. चार महिने वाट पाहून त्यांनी त्याला बँडमधून काढलं. नाव तेव्हा पडलं. दुसरा ड्रमवाला काही मिळाला नाही आणि वर्षभरात बँडही संपला.

पुढे लग्न ठरलं तेव्हा कासव्याने मांडवात सगळं केलं. फक्त तोवर तो खिळ्याला अरे-तुरे करायचा, ते थांबलं. भावजी म्हणायला लागला, आणि तुम्ही.

सासरी दर रविवारी सगळे जेवायला जमतात. तीस वर्षं पोरं तिथे कासवाची गोष्ट मागतात आणि खिळा ती सांगतो. गाणं संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्ही सामान आवरलं आणि मागे वळून बघतो तर हे अजून पहिल्या कडव्यात. कासव्या हसतो. आता तो मोटार शिकवतो. फार सावकाश शिकवतो म्हणून घाबरट माणसं मुद्दाम त्याच्याकडेच येतात.

यंदा खिळ्याच्या मुलीने पहिल्या पगारातून नवा प्लेअर आणला. पिवळी लावली. गाणं सुरू झालं आणि खिळा म्हणाला, "तुझं मशीन मंद आहे."

"नवीन आहे, बाबा."

"नवीन असेल. मंद आहे. हा माणूस असा रेड्यासारखा गात नाही."

मुलीने कागदाचा कपटा रेकॉर्डीवर ठेवला आणि मोबाइल लावून फेरे मोजले. मिनिटाला तेहेतीस, वर थोडं. जेवढे हवेत तेवढेच.

खिळ्याने माळ्यावरून जुना प्लेअर काढला. चकती उचलली. खाली तांबडी पट्टी होती, वाळून कडक झालेली. तीस वर्षं तो लिफ्टची चाकं मोजत आला आहे. चाक झिजलं की दोर कमी सरकतो, जाड असलं की जास्त, हे तो झोपेतही सांगेल. तरी त्याने मुलीकडून फेरे मोजून घेतले. सदतीस.

तरुणपणातल्या त्याच्या सांगण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. एक, की आम्ही फार वेगात वाजवायचो. दुसरी, की एकाला ते झेपलं नाही. दोन्ही त्या पट्टीत निघाल्या.

बायको दारात उभी राहून बघत होती. "सांगणारेस त्याला?"

"सांगायला नको?"

"तुझं मन हलकं होईल. त्याचं काय होईल? त्याने स्वतःला मंद म्हणून मान्य करून टाकलंय. छान चाललंय त्याचं."

"कळलं असतं तर त्याने वाजवणं सोडलं नसतं."

"तेच म्हणतेय. हे त्याला आता, या वयात कळायला हवं का?"

दोन दिवस तो गेला नाही. तिसऱ्या दिवशी कामावरून परस्पर गेला. कासव्याची शिकवायची गाडी मैदानाच्या कडेला उभी होती आणि तो एकटाच आत बसला होता.

"काय भावजी, शिकायची का गाडी?"

"बोलायचंय."

"बसा. पट्टा लावा."

"गाडी उभी आहे."

"लावा हो. त्याशिवाय मला ऐकू येत नाही."

खिळ्याने पट्टा लावला आणि सांगितलं. चिकटपट्टी, चाक, सदतीस. कासव्या समोरच्या आरशात बघत होता.

"मी बोललो होतो," तो म्हणाला.

"काय?"

"तुमचं मशीन पळतंय म्हणून. तुमच्या जिन्यात. तुम्ही म्हणालात, मशीनला पाय नसतात, तुला आहेत, ते हलव."

खिळ्याला काही आठवेना. पण वाक्य आपलंच आहे, हे त्याला लगेच पटलं.

"मग परत का नाही बोललास?"

"तुम्ही दोघं, मी एकटा. घरी लावलं की माझं बरोबर असायचं, तुमच्याकडे आलो की चूक. काही दिवसांनी घरी लावणंच बंद केलं. मग सगळीकडे चूकच राहिलं. ते सोपं पडलं."

एक बाई शिकायला आली आणि काचेवर टकटक केली. कासव्याने तिला हाताने थांबायला सांगितलं.

"मी काय करू, सांग," खिळा म्हणाला.

"माफीबिफी नको. माझी बहीण रडेल उगाच. रविवारी पोरं गोष्ट मागतील ना, तेव्हा सांगा. सगळी."

रविवारी पोरांनी गोष्ट मागितली. खिळ्याने सांगितली, आणि या वेळी जिना, मशीनचे पाय, माळा, सदतीस, सगळं आलं. सवयीने पोरं दोनदा भलत्याच ठिकाणी हसली. मग कासव्याची मुलगी वडिलांकडे बघायला लागली. तिच्या ताटातलं निवत होतं.

"म्हणजे मी ते ड्रम उगाच विकले," सासूबाई म्हणाल्या.

"जागा अडत होती, आई," कासव्या म्हणाला. "वाढ."

नंतर काही रविवार कोणीच गोष्ट मागितली नाही. मग एकदा पाहुणे होते, त्यांच्यातल्या कोणी तरी खिळ्याच्या कानाच्या भोकांबद्दल विचारलं आणि कासव्याच सांगायला लागला. सावकाश सांगत होता. रेकॉर्डी कशा होत्या, कोणत्या गाण्यात ड्रम कुठे येतात, हे बोटांनी ताटाच्या कडेवर दाखवत होता. शेवटाकडे आला. "आणि मला म्हणाले, तू नको. म्हटलं, नको तर नको. असं दार आपटून निघालो की खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर आली. विचारा यांना."

सगळे खिळ्याकडे वळले.

तो दिवस खिळ्याला लख्ख आठवतो. कासव्याने ड्रमच्या काड्या पिशवीत ठेवल्या, खाली बसून बुटांच्या नाड्या बांधल्या, एक सुटली ती परत बांधली, आणि आत खिळ्याची आई झोपली होती म्हणून दार हळूच ओढून घेतलं.

"आपटलं," खिळा म्हणाला. "कडी निखळली. दुसऱ्या दिवशी मी बसवली."